फ्युजिबल ॲप्लिक करताना इस्त्रीखाली काय घालावं? बटर पेपर, टेफ्लॉन शीट आणि सिलिकॉन मॅट

चार वर्षांपूर्वी भाचीच्या बाळासाठी दुपटं करायला घेतलं होतं. पिवळ्या पॉपलिनवर बदकांची ओळ, ॲप्लिकची, म्हणजे कापडातून आकार कापून दुसऱ्या कापडावर बसवायची. बदकं कापून झाली, मागे फ्युजिबल वेब, म्हणजे इस्त्रीने वितळणारा कोरडा गोंद, लावायचं राहिलं होतं. घरात केकच्या डब्याला लावायचा गुळगुळीत कागद होता, तोच खाली घातला आणि वर इस्त्री ठेवली. कागद उचलायला गेले तर तो बदकांसकट वर आला. सोलू लागले तशी कागदाची वरची साल सुटली आणि खालचा राखाडी पापुद्रा गोंदात तसाच रुतून बसला. नखाने खरवडला, ओलं फडकं लावून पाहिलं, पण तो निघाला नाही. सातच्या सात बदकं टाकून द्यावी लागली, आणि त्यातल्या दोघांचं कापड आईच्या जुन्या साडीचं होतं. ते परत मिळणार नव्हतं.

तेव्हापासून इस्त्रीखाली काय घालायचं याकडे मी कापडाच्या निवडीइतकंच लक्ष देते. वर्ग घेताना बायका वेब कोणतं आणि इस्त्री कोणती हे हमखास विचारतात, खालच्या कागदाबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

गोंद उघडा कुठे पडतो

टेलरच्या सामानाच्या दुकानात 'फ्युजिंग' किंवा 'बकरम' मागितलं की मिळतं ते एकाच बाजूने चिकटणारं अस्तर. कॉलरला लावायचं. ॲप्लिकसाठी लागतं ते फ्युजिबल वेब वेगळं. तो नुसता कोरडा गोंद असतो, कधी कोळ्याच्या जाळ्यासारखा विरळ, कधी पातळ सलग पापुद्र्यासारखा. तो दोन कापडांमध्ये ठेवून इस्त्रीने वितळवला की दोन्हींना धरतो. दोन्ही बाजूंनी चिकटतो म्हणूनच काम करताना त्याची एक बाजू बराच वेळ उघडी असते, आणि समोर जे येईल त्याला ती चिकटते: इस्त्रीच्या तव्याला, टेबलावरच्या चादरीला, कागदाला.

हे तीन टप्प्यांवर होतं. पहिला, तुकड्यामागे वेब लावताना. वेब कापडापेक्षा कणभर जरी मोठं असलं तरी कड बाहेर डोकावते आणि इस्त्रीला लागते. दुसरा, अनेक तुकडे एकमेकांवर रचून पूर्ण चित्र आधीच जोडून घेताना. इथे सगळ्या चित्राची पाठ म्हणजे उघडा गोंद असतो आणि तो खालच्या पृष्ठभागावर पूर्ण टेकलेला असतो. तिसरा, ते चित्र तळाच्या कापडावर कायमचं बसवताना. इथे गोंद दोन कापडांत झाकला जातो, त्यामुळे धोका सर्वात कमी.

खरी परीक्षा दुसऱ्या टप्प्यावर असते. तिथे पृष्ठभागाकडून एकच अपेक्षा ठेवायची: वितळलेला गोंद गार झाला की त्याने तो सगळाच्या सगळा कापडाला परत द्यावा. थोडा जरी स्वतःकडे ठेवला, तरी त्या जागी तुमचं चित्र तळाच्या कापडाला चिकटणार नाही. वर तो राहिलेला गोंद पुढच्या कामाला डाग पाडेल.

'बटर पेपर' मागितला की तीन वेगळे कागद मिळतात

आपल्याकडे बटर पेपर हे नाव इतकं सैल वापरतात की घोटाळा ठरलेलाच. स्टेशनरीच्या दुकानात बटर पेपर म्हणजे ट्रेसिंगचा अर्धपारदर्शक कागद. ब्लाउजचे पॅटर्न काढायला तो उत्तम, पण त्यावर कसलाही लेप नसतो आणि गोंद त्याला घट्ट धरतो. मिठाईच्या किंवा बेकरीच्या पॅकिंगवाल्याकडे बटर पेपर म्हणजे तुपाचा डाग आरपार जाऊ न देणारा चकचकीत कागद, किंवा चक्क मेणकागद. माझी बदकं खाल्ली ती याच प्रकाराने. मेणकागद तर दुहेरी वाईट. इस्त्रीने त्याचं मेण वितळतं, कापडात उतरतं आणि तेलकट डाग ठेवून जातं.

आपल्याला हवा तो तिसरा: सिलिकॉनचा लेप दिलेला बेकिंग पेपर. खोक्यावर 'सिलिकॉन कोटेड' किंवा 'नॉनस्टिक बेकिंग पेपर' लिहिलेलं असतं आणि बहुतेक ठिकाणी कमाल तापमान २२० अंश सेल्सिअसच्या आसपास दिलेलं असतं. इस्त्रीच्या डायलवरचा एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. म्हणजे सुती कापडाच्या सर्वात तापलेल्या इस्त्रीलाही हा कागद पुरतो. तपकिरी आणि पांढरा यांत सुटण्याच्या बाबतीत फरक नाही, तपकिरी म्हणजे फक्त न विरंजलेला. मी पांढरा घेते, त्यातून खालचं चित्र जास्त स्पष्ट दिसतं.

खोकं नसेल, सुटा कागद मिळत असेल, तर दोन गोष्टी करून पाहा. सेलोटेपचा तुकडा कागदावर दाबून लावा आणि उचला. सिलिकॉनचा लेप असेल तर टेप पकडच घेत नाही, अलगद सुटते. साध्या कागदावर ती चिकटते आणि ओढताना कागद फाटतो. मग नखाने एक रेघ ओढा. पांढरा ओरखडा उमटून नखाखाली मऊ काही साचलं, तर ते मेण आहे. टेप मेणकागदालाही नीट धरत नाही, म्हणून नखाची परीक्षा सोडू नका. दोन्ही परीक्षा कागदाच्या दोन्ही बाजूंना करा, कारण काही कागदांना लेप एकाच बाजूला असतो. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या बेकिंगच्या दुकानांत हा कागद रोलमध्ये मिळतो. सुट्या तावांपेक्षा रोलच घ्यावा, कारण ताव घडी घालून देतात आणि घडीची रेघ गोंदावर उमटते.

या कागदाचं मोठेपण साधेपणात आहे. हवा तेवढा कापता येतो, दुमडून चोपडीसारखा करून मध्ये तुकडा ठेवता येतो, खराब झाला की टाकता येतो. मात्र चार-पाच मोठ्या कामांनंतर तो सुरकुततो, ठिसूळ होतो. पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून कडा वळतात आणि छोटे तुकडे रचताना ते घरंगळतात. अशा वेळी कागदावरून एकदा रिकामी इस्त्री फिरवून मगच काम सुरू करा.

टेफ्लॉन शीट

पाकिटावर बहुधा 'पीटीएफई' लिहिलेलं दिसेल. टेफ्लॉन हे व्यापारी नाव, पीटीएफई हे त्या पदार्थाचं. १९३८ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत रॉय प्लंकेट यांना तो अपघातानेच सापडला. आपण वापरतो ती शीट म्हणजे काचेच्या धाग्यांचं बारीक विणलेलं कापड, त्यावर या पदार्थाचा लेप. रंग मधासारखा, हातात घेतली की सुळसुळीत, प्रकाशासमोर धरली की विणीचे चौकोन दिसतात. सतत २६० अंशांपर्यंत ती टिकते, त्यामुळे घरच्या इस्त्रीची तिला फिकीर नाही.

परदेशी क्विल्टिंगच्या दुकानांत हीच 'ॲप्लिक प्रेसिंग शीट' म्हणून मिळते. इथे तिच्यासाठी वेगळं दुकान शोधत बसू नका. टी-शर्टवर हीट प्रेसने छपाई करणाऱ्यांना सामान पुरवणारे लोक तीच ठेवतात, बहुधा १५ × १५ किंवा १६ × २० इंचांच्या मापात. पाउच सील करण्याच्या मशिनांचे सुटे भाग विकणाऱ्यांकडेही मिळते, पण तिथे मागे चिकट गोंद असलेली टेपही असते. ती घेऊ नका, बिनचिकट शीट असं सांगून मागा. इस्त्रीला खालून बसवायचा भोकांचा 'टेफ्लॉन शू' ही तिसरीच वस्तू. तो कापडावर चकाकी येऊ देत नाही, पण शीटचं काम त्याच्याने होत नाही.

जाडी दोन प्रकारची मिळते, साधारण ०.०८ मिलिमीटर आणि ०.१३ मिलिमीटर. रचून चित्र करायचं असेल तर मी डोळे झाकून पातळ घेईन. तिच्यातून खालची रेषा दिसते आणि उष्णता लगेच पार होते. जाड शीट जास्त वर्षं टिकते, पण खालचं चित्र धूसर होतं. दुकानात विचारून भागत नाही. खिशातलं छापील बिल शीटखाली ठेवून अक्षरं वाचता येतात का ते बघा.

या शीटचा एकच शत्रू, घडी. एकदा करकरीत घडी पडली की आतले काचेचे धागे तुटतात, लेपाला भेग पडते आणि त्या रेघेत गोंद जन्मभर अडकत राहतो. म्हणून दुमडून चोपडी करायची असेल तर कडा मोकळी, गोलसर ठेवा, किंवा सरळ दोन शीटा घ्या. टाचणी आणि रोटरी कटर तिच्यापासून लांब.

एक सावधगिरी मनापासून सांगते. पीटीएफई फार जास्त तापलं तर त्यातून निघणारा धूर पाळलेल्या पक्ष्यांच्या जिवावर बेततो. इस्त्रीच्या २०० अंशांवर सहसा ती वेळ येत नाही, पण ही शीट गॅसवर, तव्यावर किंवा शेगडीजवळ कधीही नेऊ नका. घरात लव्हबर्ड्स किंवा पोपट असेल तर कामाची जागा पिंजऱ्यापासून दूर ठेवा.

सिलिकॉन मॅट आणि बाकीचे

बेकिंगची सिलिकॉन मॅट न चिकटण्यात उत्तमच आहे. गोंद तिच्यावरून पापडासारखा सुटतो. घसरतही नाही, त्यामुळे बारीक तुकडे जागेवर राहतात. पण ती जाड आणि अपारदर्शक असते. खाली ठेवलेलं चित्र दिसत नाही, आणि तुकड्यांच्या वर, इस्त्रीखाली घातली तर उष्णता खाली पोचायला फार वेळ लागतो. म्हणून ती कायम खाली अंथरायची, वर नाही. बिस्किटांसाठी मिळते ती भोकाभोकांची जाळीदार मॅट अजिबात नको, गोंद भोकांत उतरतो. मोजमापाच्या रेघा छापलेल्या असतील तर छापील बाजू खाली करा.

काही वेबला मागे सोलून काढायचा कागद असतो, तो फेकू नका. तो निर्माता गोंदासाठीच बनवतो, त्यामुळे त्याच्याइतका सहज सोडणारा दुसरा कागद नाही. पान, चोच, डोळा असल्या तुकड्यांना मी तोच वापरते. एका जुन्या पाकिटात सगळे सपाट साठवलेले असतात.

ॲल्युमिनियम फॉइल, ओएचपीची (प्रोजेक्टरवर ठेवायची) पारदर्शक शीट आणि वर्तमानपत्र या कामाला वापरू नये. फॉइलला गोंद चिकटतो, प्लॅस्टिकची शीट आक्रसते, वर्तमानपत्राची शाई उतरते.

विकत घेतल्यावर आधी चाचणी

कोणताही नवा पृष्ठभाग आणला, नवं वेब आणलं, किंवा इस्त्री बदलली, की ही चाचणी करते. दहा मिनिटं लागतात.

गडद रंगाच्या धुतलेल्या सुती कापडाचे तीन इंचांचे चार तुकडे घ्या. धुतलेलं हे महत्त्वाचं, कारण कोऱ्या कापडावरची खळ गोंदाला धरू देत नाही आणि दोष मात्र वेबवर येतो. प्रत्येक तुकड्यामागे वेब लावा, मागचा कागद काढा, गोंद खाली करून नव्या पृष्ठभागावर ठेवा. पहिल्या तुकड्यावर इस्त्री २ सेकंद ठेवा, दुसऱ्यावर ५, तिसऱ्यावर १०. चौथ्यावरही ५ सेकंदच, पण तो गरम असतानाच उचला. बाकीचे तीन पूर्ण गार होऊ द्या, मग एका कोपऱ्यातून हळू सोला.

आता पृष्ठभाग खिडकीच्या उजेडात तिरपा धरा. स्वच्छ असेल तर उत्तम. चौथ्या तुकड्याच्या जागी बहुतेक वेळा धुरकट चौकोन दिसेल, तो मागे राहिलेला गोंद. गरम असताना उचलण्याचा परिणाम एकदा डोळ्यांनी पाहिला की पुन्हा घाई होत नाही. मग तुकडे उलटे करून पाठ बघा. गोंद सारखा चकाकत असेल तर तो पूर्ण परत आला आहे. मध्ये मंद, कोरडे ठिपके दिसले तर तिथला गोंद पृष्ठभागाने खाल्ला आहे, किंवा जास्त तापून कापडात मुरला आहे. १० सेकंदांचा तुकडा पुढच्या बाजूने पाहा. कापडाच्या वर गडद, ओलसर छटा आली असेल तर गोंद आरपार आला, वेळ कमी करा.

जे वेळेचं माप जमलं ते शीटच्या पिशवीवर चिठ्ठी लावून लिहून ठेवा. प्रत्येक वेबचं वेगळं असतं.

एक खंड्या रचून बघू

आपल्याकडे विहिरीच्या काठाला, विजेच्या तारेवर दिसतो तो खंड्या: चॉकलेटी डोकं, निळी पाठ, पांढरा गळा, लाल चोच. पाच तुकडे पुरतात.

आधी जागा तयार करा. घरी आपण घडी घातलेल्या ब्लँकेटवर इस्त्री करतो. ॲप्लिकला ते चालत नाही, मऊ तळ दाब गिळून टाकतो आणि तुकड्याचा मधला भाग चिकटला तरी कडा सुटतात. प्लायवूडची फळी घेऊन तिच्यावर जुन्या सुती चादरीचे दोन थर ताणून बसवा.

चित्र पांढऱ्या कागदावर जाड काळ्या पेनाने काढा आणि फळीवर टेपने चिकटवा. त्यावर पातळ टेफ्लॉन शीट किंवा बेकिंग पेपर, त्यालाही कोपऱ्यांत टेप. कागद असलेल्या वेबवर तुकडे उलटे गिरवावे लागतात हे ध्यानात असू द्या, नाहीतर खंड्याचं तोंड विरुद्ध दिशेला जाईल. खालचं चित्र मात्र सुलटच असतं.

तुकडे कापून, मागचा कागद काढून, गोंद खाली ठेवत रचायला लागा. आधी जे मागे आहे ते: पाठ आणि शेपटी. मग गळा, मग डोकं, शेवटी चोच. जिथे एक तुकडा दुसऱ्याखाली जातो तिथे ३-४ मिलिमीटर आत सरकवा. पांढऱ्या गळ्याखाली निळं कापड गेलं तर ते वर झळकतं, म्हणून तिथे फक्त काठापुरतं आत घ्या. टेफ्लॉनवर तुकडे सुळसुळ सरकतात, तेव्हा प्रत्येक तुकडा ठेवला की इस्त्रीच्या टोकाने क्षणभर टेकवून जागेवर धरा. इस्त्री ठेवायची आणि उचलायची, घासत न्यायची नाही.

पाचही बसले की वर दुसरी शीट किंवा बेकिंग पेपर घालून पूर्ण इस्त्री द्या. आणि आता थांबा. मी शीटची टेप काढून ती खंड्यासकट स्वयंपाकघरात नेते आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर अलगद सरकवते. दगड उष्णता ओढून घेतो. तळहात ठेवून पाहायचा: ऊब लागली तर अजून नाही, गार लागलं तर हो. मग शीट हातात घ्यायची आणि शीटच मागे वाकवत न्यायची, पक्षी ओढायचा नाही. चोचीपासून सुरुवात केली तर ती वाकते, म्हणून शेपटीकडून. अखेरीस खंड्या एका तुकड्यात हातात येतो, पाठीमागे सगळीकडे सारखी चमक घेऊन. आता तो दुपट्यावर हवा तसा फिरवून जागा ठरवता येते.

शेवटच्या इस्त्रीला शीट काढावी लागते, कधी कधी

इथे बऱ्याच जणींचं चुकतं. टेफ्लॉन, सिलिकॉन आणि बेकिंग पेपर, तिघंही वाफ अडवतात. हीट-एन-बॉन्ड लाइटसारख्या वेबला कोरडी, मध्यम इस्त्री लागते, वाफ चालतच नाही. तिथे वर शीट ठेवली तर बिघडत नाही. पण पेलॉन कंपनीच्या वंडर अंडर या वेबला शेवटच्या टप्प्यात ओलसर कापड घालून १० ते १५ सेकंद दाबायला सांगितलेलं असतं. त्याच्यावर शीट ठेवली की ओल खाली पोचत नाही, आणि पहिल्या धुण्यात कडा उचलल्या जातात. अशा वेळी शीट बाजूला ठेवून पातळ धुवट धोतराचा तुकडा पाण्यात पिळून वर घाला. पाकिटावर वाफेबद्दल काय लिहिलंय ते वाचूनच हे ठरवा.

चिकटवलेल्या कडांना शेवटी शिलाई हवीच, झिगझॅग किंवा ब्लँकेट स्टिच. गोधडीसारखे हाताने टाके घालणार असाल तर हलकं वेब निवडा, जाड गोंदात सुई अडते.

सफाई आणि साठवण

गोंद गार झाला की टेफ्लॉनवरून तो अंगठ्याने चोळून वळवट्यांसारखा निघतो. नाही निघाला तर जुन्या एटीएम कार्डाची कड वापरा, तारेची घासणी किंवा सुरी कधीच नको. इस्त्रीच्या तव्याला गोंद लागलाच तर कोमट असताना जाड सुती फडक्यावर घासा. साध्या धातूच्या तव्यासाठी कागदावर मीठ पसरून त्यावर गरम इस्त्री फिरवतात. नॉनस्टिक तव्याला मात्र मीठ लावू नका, ओरखडे पडतात.

शीटची गोंदाची बाजू आणि इस्त्रीची बाजू कायमची ठरवून टाका. बाजू बदलत राहिलात तर खाली राहिलेला गोंद उलटून इस्त्रीला लागतो आणि इस्त्रीवरून पुढच्या पांढऱ्या कापडावर. मार्करने लिहिलेलं टेफ्लॉनवर टिकत नाही, पुसलं जातं. मी आयताकृती शीट आडवी धरून तिचा उजवा वरचा कोपरा तिरका कापून ठेवते. शीट आडवी धरल्यावर कापलेला कोपरा उजवीकडे वर दिसला की ती सुलट.

ठेवताना कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी घ्या. कापड दुकानदार मागितली तर देतात. शीट तिच्याभोवती गुंडाळून वरून मऊ नाडी बांधा, रबरबँड नको, त्याचा वळ पडतो. आणि कडा फाटल्या, एका बाजूला घडी पडली, तरी सगळी शीट टाकू नका. मधला चांगला भाग तेवढा कापून घ्या. माझ्याकडे असा एक तुकडा आहे, त्याच्यावर आता फक्त चोची आणि डोळे होतात.